जुना अमेरिकन चांदीचा डॉलर: सराफ्यात नेण्याआधी

इंदूरच्या सराफ्यात असा डॉलर नेला की तो आधी काट्यावर चढतो आणि चांदीचा भाव मिळतो, तोही बट्टा कापून. बहुतेक डॉलरांची लायकी तेवढीच असते. उरलेले मोजके ओळखायचं काम घरीच उरकावं.

त्याआधी चिंच, रांगोळी, टूथपेस्ट दूर ठेवा. काळपट थर गेला की हौशी गिऱ्हाईकही गेलं. गळ्यात घालायला कडी डाखलेलं नाणं तर मोडीतच धरायचं.

चांदीचे डॉलर बहुधा दोन प्रकारचे हाती येतात. मॉर्गन (१८७८ ते १९०४ आणि पुन्हा १९२१): डावीकडे बघणारी स्वातंत्र्यदेवी, मागे पंख पसरलेला गरुड. पीस (१९२१ ते १९२८, मग १९३४-३५): डोक्यावर किरणांचा मुकुट, मागे बसलेला गरुड. दोन्हींचं वजन २६.७३ ग्रॅम, व्यास ३८.१ मिमी, चांदी ९० टक्के, बाकी तांबं. झिजलेल्या नाण्यात अर्धा-पाऊण ग्रॅम कमी भरेल. कोरं करकरीत दिसूनही २५ भरलं, तर ते खोटंच.

लोहचुंबकाला चिकटलं तर विषय संपला. न चिकटल्याने मात्र काहीच सिद्ध होत नाही, पितळही चिकटत नाही. म्हणून पाण्याची कसोटी घ्या. ०.०१ ग्रॅम दाखवणाऱ्या काट्यावर पाण्याचा पेला ठेवून शून्य करा. नाणं दोऱ्याने पूर्ण बुडेल असं लोंबकळत धरा, तळाला टेकू देऊ नका. काटा सुमारे २.६ दाखवेल. वजनाला त्या आकड्याने भागलं की १०.३ च्या आसपास यायला हवं. पितळ असेल तर ८.५ येतं. नाण्याला हवेचे बुडबुडे चिकटले तर उत्तर चुकतं. हलवून पुन्हा घ्या.

आता नाणं वरून खाली उलटा. गरुड सरळ दिसला पाहिजे. उलटा दिसला तर संशय घ्या.

खरी किंमत टांकसाळीच्या खुणेत आहे. मॉर्गनवर ती मागे, पुष्पचक्राखाली 'डॉलर' शब्दाच्या वर असते. पीसवर मागे 'वन'च्या खाली. खूण नसली तर फिलाडेल्फिया, एस म्हणजे सॅन फ्रान्सिस्को, ओ न्यू ऑर्लिन्स, सीसी कार्सन सिटी, डी डेन्व्हर. मॉर्गनवर डी फक्त १९२१ चा, आणि सीसी १८९३ नंतरचा असूच शकत नाही. १८९३-एस फक्त एक लाख पाडले गेले, १८८९-सीसी साडेतीन लाख. उलट १९२१ चा फिलाडेल्फिया मॉर्गन चार कोटींहून जास्त. म्हणूनच साध्या १८९३ वर एस चिकटवण्याचा उद्योग चालतो. दहापट भिंगाने अक्षराच्या बुडाशी सांधा शोधा.

मोडीचा हिशेब सोपा: शुद्ध चांदी २४.०६ ग्रॅम. किलोचा भाव भागिले १०००, गुणिले २४.०६. दुर्मीळ साल निघालं तर मॉर्गनवर कानावरचे केस आणि गरुडाच्या छातीची पिसं किती शाबूत आहेत ते बघा. भाव त्यावर कित्येक पटींनी हलतो. पीसीजीएस किंवा एनजीसी या नाणी तपासून दर्जा ठरवणाऱ्या अमेरिकन कंपन्यांच्या सीलबंद डबीतलं नाणं असेल तर डबीवरचा क्रमांक त्यांच्या साइटवर टाकून फोटो जुळवा, कारण डब्याही नकली येतात. शंभर वर्षांवरचं नाणं १९७२ च्या पुरावस्तू कायद्यात मोडतं, त्यामुळे तपासणीला परस्पर परदेशी पाठवू नका.

१९१८ च्या पिटमन कायद्याने अमेरिकेने २७ कोटींवर डॉलर वितळवले आणि त्यातली बहुतेक चांदी हिंदुस्थानच्या रुपयांसाठी ब्रिटिशांना विकली. त्यामुळे आजीच्या पेटीतल्या १९१८-१९ च्या कलदार रुपयातही एखादा मॉर्गन विरघळलेला असू शकतो.