फ्रॉक चोरून ऑस्ट्रेलियाला पोचलेल्या बाईचा माग घरबसल्या कसा काढायचा

काळं पाणी म्हटलं की आपल्याला अंदमान आठवतं, पण इंग्रजांनी हा उद्योग आधी स्वतःच्याच गोरगरिबांवर केलेला. 1788 पासून ऑस्ट्रेलियाला जे कैदी धाडले त्यात साधारण 25 हजार बायका होत्या आणि बहुतेकींचा गुन्हा काय, तर कपडे, चमचे, मालकिणीची चादर. यातल्या एखादीचा शोध घ्यायला लंडन गाठायची गरज नाही, बरंचसं रेकॉर्ड फुकट ऑनलाइन आहे, फक्त ते वाचता आलं पाहिजे.

सुरुवात ओल्ड बेलीच्या साइटवरून करा. लंडनच्या या कोर्टातले 1674 ते 1913 चे खटले तिथे सर्च होतात. स्पेलिंगवर भरवसा ठेवू नका, कारकुनाच्या कानावर जे पडलं ते त्याने लिहिलंय, त्यात बायका खोटी नावंही सांगायच्या. नाव माहीत नसेल तर शिक्षेच्या जागी ट्रान्सपोर्टेशन, म्हणजे हद्दपारी, निवडायचं आणि वर्ष टाकायचं.

उदाहरणाला मेरी वेड घ्या, खटला जानेवारी 1789 चा. मेरी आणि जेन व्हायटिंग, दोघी पोरसवदा, त्यांनी एका 8 वर्षांच्या मुलीच्या अंगावरचे कपडे काढून घेतले आणि फ्रॉक गहाण टाकला. शिक्षा काय, तर फाशी! इथे लोक वस्तू बघतात आणि हळहळतात, पण बघायचं असतं ते आरोपाचं कलम. अंगावर जाऊन लुटलं म्हणून हा गुन्हा हायवे रॉबरीत, म्हणजे वाटमारीत, बसवला गेला, आणि त्यात मालाची किंमत किती याला अर्थच नव्हता. साध्या चोरीत मात्र किंमत नीट बघा. त्या काळी घरातून 40 शिलिंगांचा माल चोरला तर फाशी होती, त्यामुळे निकालात ‘39 शिलिंग’ दिसलं की समजायचं ज्यूरीने मुद्दाम किंमत पाडून बाईचा जीव वाचवलाय. मला तर हा 39 चा आकडा अख्ख्या खटल्यापेक्षा जास्त बोलका वाटतो.

मेरीची फाशी मार्चमध्ये रद्द होऊन हद्दपारी झाली. आता पुढची पायरी म्हणजे जहाज. जहाजाचं नाव मिळालं की अर्धं काम झालं, कारण तिकडे गेल्यावर बाईची ओळख नाव अधिक जहाज अशीच लिहिली जायची. मेरी ‘लेडी जुलियाना’वर होती, दोनशेच्या वर बायका घेऊन हे जहाज जून 1790 मध्ये सिडनीला लागलं तेव्हा तिथली वसाहत उपाशी होती, वाट धान्याची बघत होते आणि उतरल्या बायका. पुढे तिला नॉरफोक बेटावर पाठवलं.

तुमची बाई टास्मानियाला गेली असेल तर नशीब काढलंत. तिथलं कंडक्ट रेकॉर्ड, म्हणजे कैद्याच्या वर्तणुकीची नोंद, ही एकेका बाईची कुंडलीच, आणि बरोबरच्या वर्णनाच्या नोंदीत उंची, डोळ्यांचा रंग, अंगावरचे व्रण, गोंदण सगळं. खाली तारीखवार गुन्हे येतात: दारू पिऊन आली, उलट बोलली, ज्या घरी कामाला दिली त्या मालकाचं घर सोडून रात्री बाहेर राहिली. शिक्षेत कधी अंधारकोठडी आणि ब्रेड-पाणी, कधी होबार्टची कॅस्केड्स फिमेल फॅक्टरी, नाव फॅक्टरी असलं तरी तो तुरुंगच. तिथे शिक्षेच्या वर्गातल्या बायकांच्या कपड्यांवर पिवळा मोठा ‘सी’ शिवलेला असायचा आणि कपडे धुवायचं काम त्यांच्या माथी. अक्षर गिचमिड असतं, झूम करून आधी तारखा काढा मग शब्द. आणि हो, ‘उद्धट’ हे मालकाचं म्हणणं आहे, बाईची बाजू त्या कागदावर नसते. सगळ्या वेश्या होत्या हेही असंच ठोकून दिलेलं, वेश्याव्यवसायासाठी हद्दपारीची शिक्षाच नव्हती.

न्यू साउथ वेल्सला, म्हणजे सिडनीच्या वसाहतीत, सुरुवातीच्या वर्षांत इतकं बारीक लिहिलेलं मिळत नाही. तिथे 1828 ची जनगणना उघडा. ‘एफएस’ म्हणजे शिक्षा भोगून सुटलेली, ‘टीएल’ म्हणजे तिकीट ऑफ लीव्हवर (शिक्षा संपायच्या आधी अटींवर मोकळी सोडलेली), ‘सीएफ’ म्हणजे कैदी नसून स्वतः आलेली, ‘बीसी’ म्हणजे तिथेच जन्मलेली. वयाचा कॉलम सोडून द्या, मेरीचंच शिक्षेवेळचं वय कुठे 11 मिळतं, कुठे 13. शिक्षा 7 वर्षांची दिसली म्हणून ती परत गेली असं धरू नका, परतीचं भाडं स्वतःचं स्वतः भरायचं होतं, ते कुठून आणणार.

आणि बाई मधेच गायब झाली तर ती मेली असं ठरवायच्या आधी लग्नाच्या परवानग्यांचं रजिस्टर आणि चर्चमधल्या बारशांच्या नोंदी बघा, आडनाव बदललेलं असतं बस. मेरी वेड पुढे मेरी ब्रूकर म्हणून सापडते, वोलोंगाँगकडे शेती, घर भरून पोरं. 1859 मध्ये गेली तेव्हा तिचे 300 च्या वर वंशज हयात होते, आणि पुढे त्याच वंशातला केविन रड ऑस्ट्रेलियाचा पंतप्रधान झाला.