चैत्रगौरीचं हळदीकुंकू: गौर बसवण्यापासून डाळ-पन्ह्यापर्यंत

पाडव्याची गुढी उतरली की दोनच दिवसांत, चैत्र शुद्ध तृतीयेला, गौर माहेरी येते. महिनाभर झोपाळ्यात बसून लाड करून घेते आणि वैशाखात अक्षय्य तृतीयेला सासरी जाते. या महिन्यातल्या एखाद्या संध्याकाळी बायकांना घरी बोलावून डाळ-पन्हं द्यायचं, ते चैत्रगौरीचं हळदीकुंकू. राजस्थानात गणगौर संपते ती याच तृतीयेला. त्यामुळे पुण्यातल्या मारवाडी घरांतून गौर निघते त्याच दिवशी आपल्या घरांत ती येऊन बसते.

भाद्रपदातल्या गौरी वेगळ्या. तिथे मुखवटे, साड्या नेसवणं, सोळा भाज्या असा मोठा व्याप असतो. चैत्रातली गौर फार सुटसुटीत आहे. उन्हातून आलेल्या माणसाला घरात घेऊन गार करणं हा तिचा गाभा. कैरी, भिजवलेले हरभरे, वाळा, मोगरा, चंदन या सगळ्या गोष्टी त्यासाठीच आल्या आहेत. हे ध्यानात ठेवलं की काय करायचं आणि काय सोडून द्यायचं ते आपोआप कळतं.

आधी दिवस आणि आमंत्रण

मंगळवार किंवा शुक्रवार घ्यायची रीत आहे. नोकरी करणाऱ्या घरात शनिवार-रविवार घेतला तरी काही बिघडत नाही. गौर महिनाभर बसलेली असते, ती एका वारासाठी अडून बसत नाही. वेळ मात्र साडेपाचनंतरची द्या. एप्रिलमध्ये पुण्यात पाचपर्यंत ऊन भाजून काढतं आणि वयस्कर काकू-आजींना चारला बोलावणं म्हणजे त्यांच्यावर अन्याय.

आमंत्रण सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकायला हरकत नाही, पण शेजारच्या चार घरी स्वतः जाऊन "शुक्रवारी संध्याकाळी आमच्याकडे गौरीच्या हळदीकुंकवाला या" असं म्हणावं. त्यात दहा मिनिटं जातात, आणि दार उघडणारीला बरं वाटतं.

आता कुणाला बोलवायचं, याबद्दल मला स्पष्ट लिहायचं आहे. सगळ्यांना. सवाष्ण असो, नवरा गेलेली असो, लग्न न केलेली असो, घटस्फोट झालेली असो. महर्षी कर्व्यांनी १८९६ साली विधवांसाठी आश्रम काढला तो याच पुण्यात. त्या गावात अजून एखादी बाई शेजारच्या घरातला हळदीकुंकवाचा आवाज ऐकत दार लावून बसत असेल, तर ते आपण बदलायचं आहे. एखादीला कुंकू नको असेल तर आग्रह करू नका. तिला अत्तर लावा, मोगऱ्याचा गजरा द्या, पन्हं द्या आणि ओटीही भरा. घरी धुणंभांडी करणाऱ्या मावशींनाही त्याच वेळी, त्याच बैठकीत बोलवा. त्यांची डाळ डब्यात भरून दाराशी देऊ नका.

गौर बसवणं

देवघरातली अन्नपूर्णा किंवा गौरीची छोटी पितळी मूर्ती घ्या. तृतीयेला सकाळी ती चिंच-मीठ किंवा पितांबरीने उजळवा, पाण्याने अभिषेक करा, कोरडी पुसून पितळी झोपाळ्यात बसवा. खाली मऊ कापडाची छोटी गादी, समोर हळदकुंकू आणि एक फूल. झोपाळा नसेल तर पाटावर तांदळाच्या राशीवर बसवली तरी चालते, पण झोपाळ्यात तिला हलकेच झोका देण्यात गंमत आहे, आणि पोथ्यांमध्येही या दिवसाला गौरीचा दोलोत्सव म्हटलं आहे. घरातल्या लहान मुलांकडे झोका द्यायचं काम सोपवा, ती महिनाभर विसरत नाहीत. झोपाळे तुळशीबागेत देवाची उपकरणी विकणाऱ्या दुकानांत मिळतात. मूर्ती सोबत घेऊन जा, कारण उंची जुळली नाही तर गौरीचं डोकं वरच्या दांडीला लागतं. फक्त रामनवमीच्या दिवशी तिकडे खरेदीला जाऊ नका. राममंदिरात जन्मोत्सवाची गर्दी असते.

रोज पूजा साधीच. सकाळी फूल, नैवेद्याला दूध-साखर किंवा घरात जे गोड असेल ते.

चैत्रांगण

या महिन्यात दारात किंवा गौरीपुढे काढायची रांगोळी म्हणजे चैत्रांगण. त्यातली चिन्हं कुणी ५१ सांगतं, कुणी ६४. आकडा पाहून घाबरू नका. पाठ करण्यापेक्षा गट लक्षात ठेवा. मध्यभागी वर गौरीचं मखर आणि त्यात झोपाळा, तिच्या दोन बाजूंना सूर्य आणि चंद्र. मग विष्णूची: शंख, चक्र, गदा, पद्म, गरुड. शंकराची: त्रिशूळ, डमरू, नाग, बेलाचं पान. गौरीच्या सौभाग्याची: करंडा, फणी, आरसा, मंगळसूत्र, बांगड्या, विडा. दारातली: गुढी, तुळशीवृंदावन, स्वस्तिक, समई, लक्ष्मीची पावलं, गोपद्म. आणि उरलेल्या जागेत गाय-वासरू, हत्ती, कासव, मोर, आंबा, केळ, नारळ. एवढं काढलं की अंगण भरलं.

फ्लॅटमध्ये अंगण नसतं. दोन फूट लांबीच्या जाड पुठ्ठ्याला किंवा पाटाला आदल्या रात्री ओला गेरू लावून वाळवा आणि त्यावर पांढऱ्या रांगोळीने काढा. गेरूवर पांढरं फार उठून दिसतं आणि जिन्यातली ये-जा त्याला पुसत नाही. चिन्हं बोटभरच ठेवा. सुरुवात वरून करा, म्हणजे हाताखाली काढलेलं मोडत नाही. बाजारात चैत्रांगणाचे छापील स्टिकर मिळतात. वेळ नसेल तेव्हा त्यावर भागवावं लागतं हे खरं, पण वाकडीतिकडी का होईना, पाच चिन्हं हाताने काढली तर मला ती जास्त आवडतील.

आरास

हळदीकुंकवाच्या दिवशी तीन पायऱ्या करा. पुस्तकांचे गठ्ठे किंवा खोकी मांडून वर सुती साडी पसरली की झालं. सर्वांत वर झोपाळ्यातली गौर, मधल्या पायरीवर करंज्या, लाडू, चकल्या असे फराळाचे जिन्नस, खाली फळं: कैऱ्यांचा घड, द्राक्षं, खरबूज, कलिंगड. कलिंगडाची कमळासारखी पाकळ्या काढलेली फोड फार शोभते, पण ती पाहुण्या येण्याआधी तासभरच कापा; उकाड्यात कापलेलं कलिंगड लवकर पाणी सोडतं. समई साडीच्या पदरापासून हातभर लांब ठेवा आणि पंखा तिच्यावर येणार नाही असं पाहा. बत्तासे मांडले तर बशीखाली पाण्याची थाळी ठेवा, नाहीतर मुंग्या आधी येतात.

आंब्याची डाळ

हिच्यासाठी बायका येतात, तेव्हा इथे घाई नको. वीसेक जणींना द्यायची तर हरभऱ्याची डाळ पाव किलो पुरते.

डाळ धुऊन चार-पाच तास भिजवा. नखाने दाबून दाणा सहज तुटला की भिजली. मग उपसून चाळणीत निथळा आणि सुती पंचावर अर्धा तास पसरून ठेवा. बहुतेकांची डाळ इथेच फसते: ओली डाळ मिक्सरमध्ये घातली की लगदा होतो. पाच-सहा हिरव्या मिरच्यांसह, पाण्याचा थेंबही न घालता, मिक्सर थांबवत-थांबवत भरड वाटा. रवाळ हवी, काही दाणे अर्धवट राहिले तर उत्तमच.

कैरी कडक आणि हिरवीगार घ्या, कापल्यावर आतून पांढरी निघाली पाहिजे. महात्मा फुले मंडईत, १८८६ सालच्या त्या दगडी इमारतीच्या आसपास, चैत्रात कैरीचे ढीग लागलेले असतात. एक तुकडा कापून चाखायला मागा, बहुतेक विक्रेते देतात. तोतापुरी आंबटपणाला सौम्य असते. ती घेतलीत तर कीस थोडा जास्त घाला. पाव किलो डाळीला साधारण एक वाटी कीस लागतो, पण वाटीपेक्षा जिभेवर विश्वास ठेवा.

फोडणीला पाव वाटी तेल. मोहरी तडतडली की जिरं, भरपूर हिंग, हळद, दोन-तीन सुक्या मिरच्या. ही फोडणी पूर्ण गार होऊ द्या आणि मगच डाळीवर घाला. गरम फोडणीने डाळ अर्धवट शिजल्यासारखी होते आणि कैरीचा ताजेपणा जातो. मग मीठ, दोन चमचे साखर, वाटीभर ओलं खोबरं, कोथिंबीर. तेल आणि खोबऱ्यात हात आखडू नका. ही कच्ची डाळ आहे, कोरडी राहिली तर घशात तोठरा बसतो.

कैरी आणि खोबरं पाहुण्या येण्याच्या अर्धा तास आधी मिसळा. तोवर वाटलेली डाळ फ्रिजमध्ये हवी. एप्रिलच्या दुपारी ती ओट्यावर राहिली तर संध्याकाळी वास येऊ लागतो.

पन्हं

किलोभर कैऱ्या कुकरमध्ये दोन-तीन शिट्ट्या देऊन उकडा, गार झाल्या की साल-कोय काढून गर चाळणीवर गाळा, म्हणजे रेषा राहत नाहीत. जितक्या वाट्या गर, त्याच्या दीडपट किसलेला गूळ. गूळ गरातच विरघळू द्या, मग वेलदोड्याची पूड, चिमूटभर मीठ, हवं तर केशर. हा अर्क आदल्या दिवशी करून ठेवता येतो. देताना एका भागाला तीन भाग गार पाणी घाला. छोट्या पेल्यांत पंचवीस-तीस जणींना पुरतं. पाणी माठातलं असेल आणि त्यात रात्रभर वाळ्याची जुडी टाकलेली असेल, तर पन्ह्याला जो गारवा येतो तो बर्फाने येत नाही. कसबा पेठेत कुंभारवाड्याकडे उन्हाळ्यात माठ मिळतात. नवा माठ दोन दिवस पाणी बदलत भिजवून मगच वापरा.

पन्हं स्टीलच्या किंवा काचेच्या भांड्यात ठेवा. पितळी घागर शोभेला सुंदर दिसते, पण कल्हई नसेल तर आंबट त्यात कळकतं आणि पोटाला बाधतं.

हरभरे आणि ओटी

अर्धा किलो गावरान हरभरे आदल्या रात्री भिजवा, सकाळी पाणी बदला, दुपारी निथळून कोरड्या फडक्यात ठेवा. ओले हरभरे पिशवीत बांधून ठेवले की चिकट होतात. ओटीत मूठभर हरभरे आणि एखादं फळ किंवा काकडी, एवढंच. चैत्रात वाण लुटायचं नसतं, ते संक्रांतीचं. प्लास्टिकचे डबे आणि चाळण्या आणून पैसे घालवू नका. तेच पैसे मोगऱ्याला घाला. गजरे सकाळीच आणा आणि ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवा.

संध्याकाळचा क्रम

पाहुणी आली की आधी बसायला आणि पाणी. उन्हातून आल्या-आल्या कुंकवाची कोयरी पुढे करू नये. मग उगाळलेल्या चंदनाचा पातळ लेप हाताच्या पाठीवर लावा. काही घरांत त्यावर शिंपल्याच्या कडेने रेघा ओढून नक्षी करतात, आणि मुलींना ते फार आवडतं. त्यानंतर हळदकुंकू, अत्तर, गुलाबदाणीतून गुलाबपाणी, गजरा. मग डाळ आणि पन्हं एकत्रच द्या, कारण डाळीच्या तिखटावर पन्ह्याचा घोट हवा. निघताना ओटी. सगळ्याजणी एकदम आल्या तर घरातल्या एकीने फक्त पन्ह्याकडे पाहावं. पुरुषांनी आणि मुलग्यांनी पेले भरून आणून द्यायला काहीच हरकत नाही, उलट ते घरात रुजायला हवं.

उरलं तर

कैरी न मिसळलेली डाळ उरली असेल तर दुसऱ्या दिवशी जास्त फोडणी देऊन परता, वाफ आणा, वाटली डाळ होते. कैरी मिसळलेली मात्र त्याच रात्री संपवा. हरभऱ्यांची उसळ. पन्ह्याचा अर्क फ्रिजमध्ये आठवडाभर सहज टिकतो.

अक्षय्य तृतीयेला गौरीला आमरसाचा किंवा पुरणाचा नैवेद्य दाखवा, हळदकुंकू वाहा आणि मूर्ती झोपाळ्यातून उचलून पुन्हा देवघरात ठेवा. या दिवशी पाण्याने भरलेला माठ दान करायची रीत आहे. सोसायटीच्या फाटकाशी वॉचमनकाकांसाठी आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांसाठी एक माठ, झाकण आणि ओगराळं ठेवा, आणि जूनमध्ये पाऊस सुरू होईपर्यंत तो रोज सकाळी भरायचं काम घरात कुणाचं, ते त्याच दिवशी ठरवा.