गच्चीवरचा व्यायाम : या चुका टाळा

रथसप्तमीच्या सूर्यनमस्कारांनंतरचे तीन दिवस आमच्या सोसायटीत कठडा धरून जिना उतरणारी माणसे दिसतात. गेली काही वर्षे मी सकाळी गच्चीवर पाच-सहा जणांकडून सूर्यनमस्कार आणि जोर-बैठका करून घेतो. जिमची फी न भरता अंग कमावता येते याबद्दल मला शंका नाही. परंतु जिममध्ये निदान अडवणारा कोणीतरी असतो, गच्चीवर मात्र माणूस स्वतःच्या उत्साहाच्या ताब्यात असतो आणि पहिल्याच दिवशी १०८ नमस्कार घालून मोकळा होतो.

गेल्या वर्षी तिसऱ्या मजल्यावरचे एक गृहस्थ आले. वय चाळिशीला टेकलेले, साखर काठावर आल्याचा अहवाल नुकताच हाती पडलेला. मी त्यांना सहा नमस्कार घालून थांबण्यास सांगितले. ‘‘सहाने काय होणार?’’ असे म्हणत त्यांनी १०८ पुरे केले आणि खाली जाऊन पेढेही वाटले. प्रत्येक नमस्कारात साष्टांग स्थितीकडे जाताना शरीराचा भार हातांवर तोलत एकदा खाली यावे लागते, म्हणजे ज्यांना सलग पाच जोर निघत नव्हते त्यांनी त्या सकाळी १०८ वेळा छाती जमिनीकडे नेली होती. दुसऱ्या दिवशी दाढी करताना त्यांचा हात गालापर्यंत पोहोचेना आणि तिसऱ्या दिवशी सदऱ्याची बाही चढवायला पत्नीची मदत घ्यावी लागली. सवय नसलेल्या श्रमाचे दुखणे चोवीस ते बहात्तर तासांत कळसाला जाते, हे ठाऊक नसल्यामुळे काहीतरी मोडले आहे अशीच त्यांची समजूत झाली. मी फोनवर आधी लघवीचा रंग विचारला, तेव्हा त्यांना तो प्रश्न चमत्कारिक वाटला. पण अतिश्रमाने स्नायू फारच तुटले तर लघवी कोऱ्या चहासारखी होते, मूत्रपिंडावर ताण येतो आणि अशा वेळी घरगुती शेक देत न बसता तडक डॉक्टर गाठावा लागतो. त्यांच्या बाबतीत तसे काही नव्हते, मात्र ते पुन्हा गच्चीवर आले ते थेट जूनमध्ये.

औंध संस्थानच्या भवानराव पंतप्रतिनिधींचे उदाहरण मला हमखास ऐकवले जाते. त्यांनी सूर्यनमस्कारांचा प्रसार केला, शाळांतून ते सुरू केले, हे खरेच आहे. पण ते स्वतः वर्षानुवर्षे नियमाने नमस्कार घालत होते, एका रथसप्तमीपुरते नव्हे. माझा शिरस्ता असा, की पहिल्या आठवड्यात रोज सहा, नंतर दर आठवड्याला दोनच वाढवायचे, म्हणजे चौथ्या आठवड्यात बारा होतात. ज्यांना हा वेग गोगलगायीचा वाटतो, त्यांची चटई साधारण महिनाभरात माळ्यावर जाते.

दुसरी चूक मी स्वतः केलेली आहे. सूर्यनमस्काराला आपण सर्वांगसुंदर व्यायाम म्हणतो, परंतु त्यात आणि जोर-बैठकांत वजन स्वतःकडे ओढण्याची क्रियाच नाही. दोन वर्षे मी फक्त जोर मारत राहिलो. छाती भरली म्हणून खुशीत नवा सदरा शिवायला गेलो, तर शिंप्याने टेप गुंडाळत सांगितले, ‘‘काका, तुम्हाला पाठीलाच कापड जास्त लागतंय, पोक आलंय.’’ तेव्हापासून घरातली पाच किलो गव्हाची पिशवी हे माझे साधन आहे. एक गुडघा आणि त्याच बाजूचा तळहात पलंगावर टेकवावा, पाठ सपाट ठेवावी, दुसऱ्या हाताने पिशवीचे बंद धरून कोपर कमरेच्या दिशेने मागे न्यावे आणि पिशवी सावकाश खाली सोडावी. दहा-दहाच्या तीन फेऱ्या, एक दिवसाआड. सोपे वाटू लागले की पिशवीत किलोभर धान्य वाढवावे. दाराच्या चौकटीत अडकवायच्या दांड्यांवर माझा विश्वास नाही. लोंबकळायचेच असेल तर बागेतला लोखंडी बार बरा.

जोर काढताना कंबर झोळीसारखी लोंबत असेल तर जमिनीवर अजून येऊच नये. आधी भिंत, मग स्वयंपाकाचा ओटा, मग पलंगाची कड आणि शेवटी जमीन, हाच क्रम ठेवावा. वीस वाकडे जोर मोजणाऱ्याला मी शून्य गुण देतो.

पोटाच्या शंभर उठाबशांनी पोटाचीच चरबी उतरत नाही. प्लॅस्टिकचे जाकीट घालून घाम काढला तर पाणी जाते आणि तांब्याभर पाण्याने ते वजन परत येते. दहा हजार पावलांचा आकडा १९६५ साली जपानमध्ये विक्रीस आलेल्या पावले मोजण्याच्या यंत्राच्या नावामुळे रुजला, त्यामुळे सात हजारांवर घड्याळ थांबले म्हणून रात्री दिवाणखान्यात येरझारा घालण्याचे कारण नाही. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रम आणि किमान दोन दिवस ताकदीचा व्यायाम सांगते. बोलता येते पण गाणे म्हणता येत नाही, इतपत दम लागला की श्रम मध्यम समजावेत. यातले ताकदीचे दोन दिवस नुसती चालायला जाणारी मंडळी सहसा विसरतात.

राहिला सिंहगड. आतकरवाडीच्या वाटेने चढताना सगळे जपून चढतात आणि वर पिठलं-भाकरी, भजी, मडक्यातले दही खाऊन, झाला तो खर्च वसूल करून, उतरताना धावत सुटतात. मांडीचे स्नायू ताणले जात असतानाच भार पेलतात ते उतरताना, म्हणून दुसऱ्या दिवशी दुखतो तो उतार. मी लहान पावले टाकतो, गुडघे किंचित वाकलेले ठेवतो आणि काठी नेतो. घरी सराव करायचा असेल तर जिन्याच्या सर्वांत खालच्या पायरीवरून एक पाय तीन आकडे मोजत जमिनीवर टेकवावा, प्रत्येक पायाने आठ वेळा, कठड्याला हात लावून.