पैसे कटले पण चलन आलंच नाही, मग काय केलं

आईच्या फ्लॅटचा भाडेकरार रजिस्टर करायचा होता, शहरात नोंदणी फी १००० रुपये आणि वर स्टॅम्प ड्युटी, सगळं ग्रास पोर्टलवरून (महाराष्ट्र सरकारची ऑनलाइन पैसे भरायची साइट) नेटबँकिंगने भरलं आणि नेमकं तेव्हाच घरचं नेट गेलं. बँकेचा मेसेज आला, पैसे कटले, पण स्क्रीनवर चलन, म्हणजे पैसे भरल्याची पावती, नाही. आई घाबरली, म्हणाली परत भर बाबा, उद्याची तारीख घेतलीये. मी नाही भरलं, आणि तेच बरं झालं.

पेमेंटला जायच्या आधी एमएच ने सुरू होणारा लांबलचक जीआरएन नंबर, म्हणजे त्या चलनाचा सरकारी नंबर, दिसतो ना, त्याचा मी फोटो काढून ठेवला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी पोर्टलवर चलन शोधायचं जे ऑप्शन आहे तिथे तो नंबर आणि रक्कम टाकली, आणि चलन आलं, बँकेच्या सीआयएनसकट, म्हणजे पैसे जमा झाल्यावर बँक देते त्या नंबरासकट! लगेच प्रिंट काढली.

एक मात्र सांगते, ती प्रिंट उगाच कुणाला व्हॉट्सॲपवर पाठवू नका. रजिस्ट्रेशनच्या वेळी ऑफिसात चलन डिफेस करतात, म्हणजे ते वापरलं गेलं अशी नोंद होते, तोपर्यंत ते पैशासारखंच जपायचं.