शापाची स्तोत्रे: अन्यायाविरुद्धची प्रार्थना कशी करावी

बायबलमधल्या स्तोत्रसंहिता या पुस्तकातल्या १५० स्तोत्रांत दुर्जनांविरुद्ध न्याय मागणारी स्तोत्रे पुष्कळ आहेत. त्यांत भाषा सगळ्यात कडक कुठे होते म्हणाल, तर ७, ३५, ५५, ५८, ५९, ६९, ७९, ८३, ९४, १०९, १३७ यांत आणि १३९ च्या १९ ते २२ या ओव्यांत. दात पाड, नाव खोडून टाक, मुले पोरकी होऊ दे, इतक्या थराला मागणी जाते. सार्वजनिक उपासनेत म्हणूनच ती बाजूला पडतात. रोमन कॅथलिक चर्चच्या दिवसभरातल्या ठरावीक वेळांच्या प्रार्थनाग्रंथाची नवी आवृत्ती १९७१ साली आली, तेव्हा ५८, ८३ आणि १०९ ही स्तोत्रे पूर्ण वगळली गेली आणि इतर काहींमधल्या मोजक्या ओव्याही. वगळणाऱ्यांची अडचण समजते. पण ज्याला खरोखर लुबाडले आहे, मारले आहे, खोट्या आरोपात अडकवले आहे, त्याच्या रागाला मग देवासमोर जागाच उरत नाही, आणि तो राग दुसरीकडे वाट काढतो.

ही स्तोत्रे म्हणताना एक गोष्ट पक्की ठेवावी: मागणारा स्वतः हात उचलत नाही. दुर्जनाचे हात मोड असे तो देवाला सांगतो आणि स्वतःचे हात जोडलेले ठेवतो. सूड घेणे माझ्याकडे आहे हे बायबलच्या ‘अनुवाद’ या पुस्तकातले (३२:३५) देवाचे वचन प्रेषित पौल रोमकरांस लिहिलेल्या पत्रात (१२:१९) पुन्हा आठवून देतो, ते याच अर्थाने. प्रार्थना संपल्यावरही बदल्याचा बेत मनात शिजत असेल, तर खटला अजून देवाच्या हाती दिलेलाच नाही असे समजावे.

आधी स्तोत्र निवडा, आणि ते तुमच्यावरच्या अन्यायाशी जुळणारे निवडा. बलवानाने दुबळ्याला नाडले असेल तर १० किंवा ९४. जवळच्या माणसाने दगा दिला असेल तर ५५, कारण त्याच्या १२ ते १४ ओव्यांतला शत्रू म्हणजे एकेकाळी बरोबरीने देवाच्या मंदिरात चालणारा मित्र आहे. खोटी साक्ष, बदनामी असेल तर ३५. आपल्यावरचा आळ खरा की खोटा याचीच झाडाझडती आधी हवी असेल तर ७. १०९ आणि १३७ पहिल्यांदा घेऊ नका. त्यांतली भाषा पेलायला आधीच्यांची सवय लागते.

नंतर कागदावर एकच वाक्य लिहा. माणसाचे नाव लिहू नका, कृत्य लिहा. ‘अमुक माणूस वाईट आहे’ याने काही साधत नाही. ‘कामगारांची तीन महिन्यांची मजुरी दाबून ठेवली आणि मागायला आलेल्याला धमकावले’ असे वाक्य हवे. यामागे कारण आहे. नाव लिहिले की आपली प्रार्थना त्या माणसाच्या दिसण्याभोवती, बोलण्याभोवती, घरादाराभोवती फिरू लागते. कृत्य लिहिले की ती न्यायावर टिकते. कृत्य एका वाक्यात मांडताच येत नसेल, तर तो अन्याय आहे की नुसता अपमान दुखतो आहे हे आधी तपासा. अपमानासाठी शापाची स्तोत्रे नाहीत.

तिसरे काम अवघड आहे आणि सर्वाधिक टाळले जाते. ७ व्या स्तोत्रात, ३ ते ५ या ओव्यांत, स्तोत्रकार राजा दावीद स्वतःवरच अट घालतो: मीच असे काही केले असेल, मित्राचे वाईट केले असेल, तर शत्रूने माझा पाठलाग करून मला मातीत तुडवावे. मग कुठे तो देवाला उठायला सांगतो. १३९ मध्ये क्रम उलटा आहे. दुर्जनांचा द्वेष बोलून झाल्यावर २३ आणि २४ या ओव्यांत ‘माझे अंतःकरण पारख, माझ्यात काही वाईट मार्ग आहे का पाहा’ अशी विनंती येते. तुम्ही कोणताही क्रम घ्या, पण हा भाग गाळू नका. तो गाळला की उरते ती फक्त तक्रार, आणि ती म्हणणाऱ्याला स्वतःविषयी काहीच ऐकावे लागत नाही.

आता प्रत्यक्ष म्हणणे. सुरुवातीला ९४ घ्या. २३ ओव्या आहेत, मोठ्याने वाचायला तीनेक मिनिटे लागतात. पहिल्यांदा न थांबता सलग वाचा. दुसऱ्यांदा तुकडे पाडून.

१ ते ७ ओव्यांत देवाला न्यायाधीश म्हणून उठवले जाते आणि आरोप मांडले जातात: विधवेला, परक्याला, पोरक्याला मारतात आणि वर म्हणतात, देव बघत नाही. इथे थांबून कागदावरचे वाक्य मोठ्याने वाचा. ८ ते ११ मध्ये स्तोत्रकार देवाकडून वळून त्या मूर्खांशीच बोलतो: ज्याने कान बसवला त्याला ऐकू येणार नाही का? हा भाग घाईत ओलांडला जातो, पण पुढचे सगळे याच्या जोरावर उभे आहे. देवाला दिसते असे वाटत नसेल तर न्याय मागण्यात अर्थ राहत नाही. १२ ते १५ धीराने वाचा. १६ ते १९ मध्ये प्रार्थना करणारा स्वतःकडे येतो: माझ्या बाजूने कोण उभा राहील, माझा पाय घसरतो आहे. रडू येत असेल तर इथे येते. येऊ द्या, वाचन सोडू नका. शेवटी २० ते २३. कायद्याचाच आधार घेऊन अनर्थ रचणाऱ्या सत्तेशी देवाचा काही संबंध असेल का, असा थेट प्रश्न विचारून निकाल त्याच्यावर सोपवला जातो.

काही स्तोत्रांत मधेच ‘सेला’ असे दिसते, उदाहरणार्थ ७, ५५, ५९ आणि १४०. तो शब्द वाचायची गरज नाही. तिथे दहा-पंधरा सेकंद गप्प राहा.

शापाच्या ओव्या वाचताना दोन उलट चुका होतात. एक, आवाज बारीक करून त्या उरकणे, जणू कोणी ऐकू नये. मग राग तसाच शिल्लक राहतो. दुसरी, त्यांतच रमणे: तीच ओवी पुनःपुन्हा घोळवणे, त्यात माणसाचे नाव बसवणे, ठरावीक दिवस ठरावीक वेळा म्हणून फळाची वाट पाहणे. हा तर सरळ करणीचा प्रकार झाला, आणि १०९ व्या स्तोत्राच्या वाट्याला तो फार आला आहे. शापाची ओवी एका बैठकीत एकदाच, सरळ आवाजात म्हणा आणि पुढे जा. तीच मनाला धरून बसत असेल तर ३५ मधल्या १३ व्या ओवीवर या. हेच शत्रू आजारी असताना आपण गोणपाट नेसून उपास केला, असे स्तोत्रकार तिथे सांगतो. ८३ मधली १६ वी ओवीही अशा वेळी कामाची: त्यांची तोंडे लाजेने भरून टाक, म्हणजे ते तुझ्या नावाचा शोध घेतील. वाईट करणारा मोडावा आणि वळावाही, दोन्ही मागता येते.

१०९ विषयी थोडे जास्त. त्याच्या ६ ते १९ या ओव्यांत शाप एकाच माणसावर आहेत, तर आधीचे आणि नंतरचे विरोधक अनेक आहेत. म्हणून काही अभ्यासक ते शाप स्तोत्रकाराचे मानत नाहीत. विरोधकांनी त्याच्यावर ओतलेले, आणि त्याने देवाला ऐकवलेले, असे समजतात. तसे वाचले तर २८ वी ओवी, ‘ते शाप देवोत, तू आशीर्वाद दे’, नेमकी बसते. तुमच्यावर शिव्याशापांचा मारा झाला असेल तर याच रीतीने म्हणा: त्यांचे शब्द देवापुढे जसेच्या तसे ठेवायचे. दुसऱ्या बाजूने, प्रेषितांची कृत्ये १:२० मध्ये येशूचा शिष्य पेत्र यातली ८ वी ओवी, ‘त्याचे दिवस थोडे होवोत, त्याचे पद दुसरा घेवो’, येशूला दगा देणाऱ्या यहूदाला लावतो, म्हणजे ती स्तोत्रकाराच्याच तोंडची मानतो. दोन्ही वाचने चालतात. एक मात्र चालत नाही: न आवडणाऱ्या राज्यकर्त्यासाठी तीच ८ वी ओवी सुटी काढून घोषणेसारखी वापरणे. ती स्तोत्रातून तोडली की १६ वी ओवी हरवते, आणि दीनदुबळ्याचा छळ केला म्हणून हे सगळे मागितले आहे हेच विसरले जाते.

१३७ एकट्याने म्हणू नका, आणि लहान मुले असलेल्या सभेत शेवटची ओवी व्याख्येशिवाय वाचू नका. यरुशलेम इ.स.पू. ५८६ च्या सुमारास बाबेलच्या (बॅबिलोनच्या) फौजेने उद्ध्वस्त केले. हद्दपार झालेल्यांनी आपल्या लेकरांवर काय ओढवले ते पाहिले आहे, आणि तेच बाबेलवर उलटावे असे ते म्हणतात. हे स्तोत्र स्तुतीने संपत नाही. ते गोड करायला शेवटी भजन जोडू नका. लूक २३:३४ मधली ख्रिस्ताची क्षमेची विनवणी मोठ्याने वाचा आणि दोन्ही शेजारी शेजारी राहू द्या.

गटात म्हणायचे असेल तर एकाने आरोपाचा भाग वाचावा, सगळ्यांनी विनंतीचा. ज्याच्यावर अन्याय झाला आहे तो गटात असेल, तर शापाच्या ओव्या कोणी वाचायच्या हे त्यालाच विचारा. नको म्हणाला तर दुसऱ्याने वाचाव्यात, त्याने फक्त ऐकावे. आणि मारहाण, लैंगिक अत्याचार, पैशांची फसवणूक असा गुन्हा असेल तर तक्रार आणि सुरक्षित जागा आधी बघा. न्याय देवावर सोपवला म्हणजे पोलिसांकडे जायचे नाही, असे एकही स्तोत्र सांगत नाही.