क्रॉसबो घेताना रंगावर भाळू नका

अमेरिकेतल्या ओहायोत सप्टेंबरच्या शेवटी हरणांसाठी तीरंदाजीचा मोसम सुरू होतो आणि त्याआधी महिनाभर दुकानांतल्या क्रॉसबोंच्या, म्हणजे बंदुकीसारखा दस्ता आणि ट्रिगर असलेल्या आडव्या धनुष्यांच्या भिंतीपुढे माणसं रेंगाळायला लागतात. आपल्याकडे वन्यजीव संरक्षण कायद्यानं शिकार बंद. त्यामुळे इकडे येऊन परवाना काढणाऱ्या मराठी माणसाला घरातलं कुणी शिकवणारं नसतं. तो जे डोळ्यांत भरतं ते उचलतो. मीही उचलला होता: पानाफांद्यांची सुरेख नक्षी, वर चकचकीत लॅकर. तोच क्रॉसबो साध्या मॅट काळ्या रंगात शेजारी टांगलेला होता, थोडा स्वस्त.

नक्षीसाठी जादा पैसे मोजणं

हरणाच्या डोळ्यात रंग ओळखणाऱ्या पेशी दोनच प्रकारच्या असतात, आपल्याला तीन. निळं त्याला छान दिसतं. केशरी, लाल, हिरवा हे मात्र एकमेकांपासून फारसे वेगळे कळत नाहीत. म्हणजे रिअलट्री की मॉसी ओक (दोन्ही अशा नक्षीचे, १९८६ पासूनचे ब्रँड) हा वाद मुख्यतः गिऱ्हाइकांचा आहे. नक्षीचं खरं काम आकार मोडण्याचं. अंगावरच्या कपड्यांना त्याचा उपयोग होतो, कारण माणूस मोठा असतो. छातीशी धरलेल्या क्रॉसबोला तो किती होणार? शिवाय कापडी तंबूत, म्हणजे ब्लाइंडमध्ये बसत असाल तर आतला अंधार काळाच असतो. तिथे काळा क्रॉसबो विरून जातो आणि फिकट नक्षीचाच उठून दिसतो.

फिनिशमध्ये बघायची गोष्ट एकच: चमक. दुकानदाराला विचारून क्रॉसबो दाराबाहेर उन्हात न्या आणि हळूहळू फिरवा. लिंब (धनुष्याचे दोन हात), कॅम (त्यांच्या टोकांची चाकं) किंवा स्कोपच्या (नेमाच्या दुर्बिणीच्या) नळीवरून आरशासारखी तिरीप आली, तर ती झाडावर बसल्यावरही येणार, आणि हरणाची नजर हलत्या तिरपीवर पटकन जाते. निळ्या पिसांचे बोल्टही, म्हणजे क्रॉसबोचे बाण, मी आता घेत नाही. आणि शिकारीचे कपडे ‘जादा उजळ’ करणाऱ्या डिटर्जंटमध्ये धुऊ नका. त्यातली द्रव्यं कापडाला जी निळसर झळाळी देतात, ती हरणाला आपल्यापेक्षा जास्त दिसते.

चकचकीत क्रॉसबो आधीच घेतला असेल तर? लाकडी किंवा प्लास्टिकच्या दस्त्यावर कापडी कॅमो (पानाफांद्यांच्या नक्षीची) टेप गुंडाळा, झालं. स्प्रे पेंटचा डबा घेऊन बसू नका. रेलवर, म्हणजे बोल्ट जिच्यावरून सरकतो त्या पट्टीवर, रंग बसला की बोल्ट अडखळतो. दोरीवर, कॅमवर तर थेंबही नको. लिंब फायबरग्लासच्या कंपोझिटचे असतात. रंगातलं किंवा थिनरमधलं द्रावक त्यांना काय करेल याचा भरवसा नाही, आणि वॉरंटीवर पाणी सोडावं लागू शकतं ते वेगळंच.

वेगाच्या आकड्याला भुलणं

खोक्यावर ‘४००’ असं ठळक छापलेलं असतं, म्हणजे सेकंदाला ४०० फूट. आता साधा हिशेब करा. हरीण ४० यार्डांवर, म्हणजे १२० फुटांवर उभं आहे. बोल्टला तिथे पोचायला सुमारे ०.३ सेकंद लागतो. दोरीचा ठक्क असा आवाज सेकंदाला ११०० फुटांच्या आसपास जातो, म्हणजे ०.११ सेकंदातच पोचतो. मधल्या वेळात दचकलेलं हरीण उडी घेण्यासाठी आधी खाली दबतं आणि बोल्ट पाठीवरून जातो किंवा नको तिथे लागतो. जखमी हरणामागे रात्री टॉर्च घेऊन फिरण्यासारखं वाईट काही नाही. म्हणून कमी आवाजाचा क्रॉसबो शोधा, दोरीचे डॅम्पर (थरथर शोषणारे तुकडे) लावा आणि ३० यार्डांच्या आत येईपर्यंत थांबा.

खोक्यावरचा वेग बहुधा हलक्या बोल्टनं मोजलेला असतो. तो गाठायला आणखी हलका बोल्ट लावणं म्हणजे लिंबांचे हाल. मॅन्युअलमध्ये बोल्टचं किमान वजन ग्रेन या छोट्या एककात दिलेलं असतं, त्याखाली जाऊ नका. बोल्ट न लावता ट्रिगर दाबणं, म्हणजे ड्राय फायर, तर एकदाही नको. त्यात लिंबही तडकू शकतो आणि दोरीही तुटू शकते.

दुकानात स्वतः न ओढणं

दीडशे-दोनशे पौंडांची ओढ विक्रेता हसतहसत ओढून दाखवतो. तुम्ही स्वतः ओढा, शक्य तर जाड जाकीट घालून. दोरीचा कॉकर, म्हणजे ओढायला मदत करणारी हुकांची वेगळी दोरी, वापरला तर निम्माच जोर लागतो. खांदा दुखरा असेल तर क्रँकवाला, म्हणजे हँडल फिरवून ओढायचा, घ्या. मग खुर्चीत बसून नेम धरा. रुंद लिंब ब्लाइंडच्या खिडकीला किंवा झाडाच्या खोडाला आपटतात, हे घरी गेल्यावर कळून उपयोग नाही.

नेम बिघडला की स्कोपला शिव्या देणं

बोल्ट कधी डावीकडे, कधी उजवीकडे जात असेल तर आधी दोरी बघा. हातानं ओढताना ती एका बाजूला थोडी जास्त येते, आणि तेवढ्यानंही फरक पडतो. दोरी ओढलेली नसताना तिच्यावर रेलच्या दोन्ही कडांशी मार्करनं खुणा करा. ओढल्यावर दोन्ही खुणा कडांपासून सारख्याच अंतरावर यायला हव्यात. मग स्कोपच्या रिंगांचे स्क्रू तपासा. नॉक, म्हणजे दोरीला टेकणारं बोल्टचं मागचं टोक, कंपनीनं सांगितलेल्या प्रकाराचाच हवा, चपट्याच्या जागी अर्धचंद्र नको. दोरी त्याच्यावरून निसटली की ड्राय फायरच झाला. आणि पुढचा अंगठा कायम रेलच्या खाली. दोरी बोटाला मोजत नाही.

दिवस संपला की क्रॉसबो ताणलेला ठेवून गाडीत टाकू नका. जुना बोल्ट टार्गेटमध्ये मारून मोकळा करा.

राहिला रंग. नोव्हेंबरातल्या थँक्सगिव्हिंग सणानंतरच्या सोमवारी ओहायोत बंदुकीचा आठवडा सुरू होतो आणि त्या दिवसांत क्रॉसबोवाल्यांनाही भडक केशरी जाकीट घालावंच लागतं. गेल्या खेपेला मी तसाच बसलो होतो, भोपळ्यासारखा, आणि एक मादी पिल्लासकट वीस यार्डांवर दहा मिनिटं एकोर्न (ओकची फळं) खात उभी होती.