लहान मुलांची वर्तन-उपचारपद्धती: या चुका टाळा

स्वमग्न (ऑटिझम असलेल्या) किंवा विकासात मागे पडलेल्या दोन-तीन वर्षांच्या मुलांबरोबर काम करताना मुलांपेक्षा मोठ्यांच्याच सवयी बदलाव्या लागतात, असा माझा अनुभव आहे. मी सर्वाधिक वेळा पाहिलेली चूक म्हणजे हट्ट न पुरवण्याचे ठरवणे आणि ते अर्ध्यावर सोडणे.

एका तीन वर्षांच्या मुलाला जेवताना मोबाइल लागत असे. शब्द येत नसल्यामुळे तो कपाटाशी उभा राहून किंचाळे. 'रडू द्या, पण देऊ नका,' एवढे आईवडिलांना सांगून मी निघून आले. पहिल्या दिवशी वीस मिनिटांनी आजींना राहवले नाही. तिसऱ्या दिवशी चाळीस मिनिटांनी वडिलांनी हात टेकले. आठवडाभरात रडणे तासावर गेले आणि तो भिंतीवर डोके आपटू लागला. वीस मिनिटे पुरत नाहीत, जोर लावावा लागतो, हे घरच्यांनीच त्याला नकळत शिकवले होते. मिळणारी गोष्ट बंद झाली की हट्ट ओसरण्याआधी काही काळ वाढतो, आणि नेमक्या त्याच वेळी माघार घेणे हे सुरुवातच न करण्यापेक्षा वाईट असते.

मात्र मोठा दोष माझाच होता. आजींना मी कारण सांगितले नव्हते आणि किंचाळण्याऐवजी काय करायचे, हे मुलाला शिकवले नव्हते. आता मी आधी मागणे शिकवते: चित्राचे कार्ड हातात देणे, बोट दाखवणे किंवा हाताने खूण करणे. त्या घरी आम्ही मोबाइल बाजूला ठेवून आजींच्या डब्यातल्या राजगिऱ्याच्या लाडवापासून सुरुवात केली. खूण केली की लगेच तुकडा. थांबायला शिकवणे पुष्कळ नंतर. मूल स्वतःला इजा करू लागले, तर नुसते दुर्लक्ष करत बसू नये, त्याच दिवशी तज्ज्ञाला कळवावे.

दुसरी चूक वाट पाहण्याची. 'मुलगे उशिराच बोलतात, याचे बाबाही चार वर्षांचे होईपर्यंत बोलत नव्हते' हे वाक्य मी इतक्यांदा ऐकले आहे की आता त्यावर वाद घालत नाही. मूल नावाला प्रतिसाद देते का आणि आवडलेली वस्तू आपल्याला दाखवायला आणते का, एवढेच विचारते. 16 ते 30 महिन्यांच्या मुलांसाठी एम-चॅट ही ऑटिझमची शक्यता तपासणारी प्राथमिक प्रश्नावली आहे, आणि राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमातील जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रांत तपासणी विनामूल्य होते. निदानाची वाट न पाहता काम सुरू करता येते. श्रवणचाचणी मात्र आधीच करून घ्यावी.

नजरेला नजर मिळावी म्हणून मुलाची हनुवटी धरून 'माझ्याकडे बघ' असे करू नये.

ऑटिझमसाठी मूलपेशी (स्टेम सेल) उपचार विकणाऱ्यांपासून दूर राहावे. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या मंडळाने 2022 मध्येच ऑटिझमसाठी या उपचारांची शिफारस करता येत नाही, असे सांगितले आहे. 'सहा महिन्यांत बरा करतो' असे सांगणाऱ्याकडे अपंगत्व-पुनर्वसनातील तज्ज्ञांची नोंद ठेवणाऱ्या भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी आहे का, हे मी सर्वांत आधी विचारते.

उपचार केंद्राला शिकवणी वर्ग समजून मुलाला दारात सोडून जाणारे पालक तीन आठवड्यांत फरक मागतात, तेव्हा मी त्यांना स्वयंपाकघरातले कॅलेंडर वापरायला सांगते. हट्टाच्या आधी काय घडले आणि नंतर मुलाला काय मिळाले, हे त्या दिवसाच्या चौकोनात दोन ओळींत लिहायचे. ते कॅलेंडर घेऊन आल्याशिवाय मी पुढची पायरी सांगत नाही.